बिनडोक्या गाडीचं डोकं

१

पंचवीस मे एकोणीसशे शहाऐंशी, रविवार, संध्याकाळचे सहा. भांडुपच्या तुळसकर चित्रशाळेत, जिथं एरवी गणपती रंगायचे, सहदेव तुळसकरांनी चित्रावरची चादर ओढली आणि उत्तरा दामले किंचाळली. किंचाळणं सुसंस्कृत घरातलं होतं, पण कौलावरची दोन कबुतरं उडाली.

“डोकं! अहो, हिला डोकं कुठून आलं?”

चित्रात एकोणीसशे त्रेचाळीसचा रशियातला हिवाळा होता. जळकं गाव, गुडघाभर बर्फ, त्यात उमटलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या चाकोऱ्या, आणि मधोमध एक जर्मन चिलखती तोफगाडी. तिचं खरं नाव स्टुर्मगेशुत्झ. अख्ख्या भांडुपात ते नाव एकट्या उत्तरालाच घेता यायचं. बाकीचे तिला बिनडोकी म्हणायचे, कारण रणगाड्याला वर फिरता बुरूज असतो तसा हिला नसतो. हिची तोफ थेट अंगातच रोवलेली. नेम धरायचा तर अख्खी गाडी वळवावी लागते. हे ऐकल्यावर उत्तराच्या होणाऱ्या नवऱ्याला, नंदकिशोर आपटेला, आपल्या होणाऱ्या सासूबाई आठवल्या होत्या, पण तो ते कोणाला बोलला नव्हता.

आणि आता, उद्या सकाळी नऊला चित्र न्यायला टेम्पो येणार असताना, बिनडोकीच्या माथ्यावर एक बुरूज बसला होता. पुरता, सांगोपांग बुरूज. रिबिटं होती, झाकण होतं, गंजाचे ओघळ होते, पुढं स्वतःची वेगळी तोफसुद्धा होती. एका गाडीला दोन तोफा. जणू एका नवरदेवाला दोन मुंडावळ्या.

सहदेवरावांनी बुरुजाकडं पाहिलं. त्यांची नजर झाकणावरून घसरली, तोफेच्या टोकाशी गेली आणि तिथंच अडकली. चांगलं अर्धं मिनिट. मग ते हळूच म्हणाले, “हात लावू नका कोणी. ओला असा. खालचापण जायत.”

“उद्या जर्मनीचे पाहुणे अंधेरीला फॅक्टरीत येतायत,” उत्तरा म्हणाली. ती खेळण्यांच्या कारखान्यात मालकांची सेक्रेटरी होती. कारखाना आता प्लास्टिकची जोडायची मॉडेलं काढणार होता, आणि खोक्यावरची चित्रं सहदेवरावांची असावीत ही कल्पना तिचीच. “ते या गाडीचे तज्ज्ञ आहेत. हिच्यावर बुरूज बघितला तर दारातूनच परत फिरतील.”

मग ती सावकाश वळली. तोफगाडीसारखी. अख्खी.

“नंदू,” ती म्हणाली, “काल तू इथं उभं राहून काय म्हणाला होतास?”

२

काल नंदकिशोर जे म्हणाला होता ते चार माणसांनी ऐकलं होतं आणि पाचवा तो स्वतः होता.

त्याचं असं होतं की नंदकिशोर वीज मंडळात मीटर रीडर होता. मीटरमध्ये एक चकती असते, तिच्या कडेला लाल खूण असते. वीज खर्च झाली की ती फिरते. तशीच एक चकती त्याच्या छातीत होती. उत्तरानं परपुरुषाचं कौतुक केलं की ती फिरायची. साखरपुड्यापर्यंत ती बेताची फिरे. पण गेले तीन महिने उत्तरा अंधेरीहून दर शनिवारी चित्र बघायला भांडुपला यायची आणि सहदेवरावांच्या हातांबद्दल बोलायची. मुलुंडला नाटकाच्या मध्यंतरात बोलायची. लग्नाची साडी बघताना बोलायची. “काय बर्फ काढलाय रे! पांढरा नाहीच वापरलेला. निळा, जांभळा, करडा!” नंदकिशोरनं आयुष्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला होता.

सहदेवराव पन्नाशीचे, पण केस कुरळे, बोटं लांबसडक, आणि उत्तरा आली की ब्रश हातात घेऊन चित्रापुढं असे बसायचे की फोटोच काढावा.

काल, शनिवारी, चित्राखाली त्यांची सही झाली. उत्तरानं सरळ त्यांचा हात हातात घेतला. “काय हात आहेत हो तुमचे!” त्याच क्षणी कोपऱ्यात ब्रश धूत बसलेल्या दादूच्या हातून टर्पेंटाइनचा डबा पडला, आणि त्याच क्षणी नंदकिशोरच्या छातीतली चकती भिंगरी झाली.

“गाडीला डोकं नाही, आणि काढणाऱ्यालाही नाही,” तो ओरडला होता. “एक दिवस मीच बसवतो बघा डोकं!”

“मी नाही केलं,” आता तो म्हणाला.

“दिवसभर कुठं होतास?”

“पवई तलावावर.”

“कोणाबरोबर?”

“एकटाच. तुझ्यावर रागावून बसलो होतो.”

“वा! म्हणजे साक्षीदार कोण, बगळे? आणि या चित्रशाळेची किल्ली शाडूच्या पोत्याखाली असते हे तुला ठाऊक आहे ना?”

ते गुपित होतं, म्हणजे सगळ्या भांडुपला ठाऊक होतं.

“उत्तरा, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत मी नापास झालोय. माझ्या मडक्याला सरांनी ‘घोडा बरा आहे’ असा शेरा दिला होता.”

“मग कोणाकडून तरी करवून घेतलं असशील.” तिनं बोटातली साखरपुड्याची अंगठी ओढायला सुरुवात केली. अंगठी निघेना. मे महिना, बोटं सुजलेली. तिनं पुन्हा ओढली. “कोणी केलं ते टेम्पो यायच्या आत सांग. नाहीतर साबण लावून काढीन आणि तुझ्या आईच्या हातात ठेवीन.”

नंदकिशोरला मनातून एक लाजिरवाणी गोष्ट जाणवत होती. आपल्यावर आळ आला याचं दुःख होतंच, पण आपल्याला सुचलेली सुडाची कल्पना दुसऱ्या कोणी इतकी झकास पार पाडावी, याचं जास्त होतं. त्याला गुन्हेगाराचाही हेवा वाटला.

काय करावं ते सुचेना तेव्हा माणूस सवयीचं करतो. तो दाराशी गेला आणि मीटर बघितला.

काल संध्याकाळी निघताना त्यानं सवयीनं बघितला होता, तेव्हा चार हजार चारशे सतरा. आज चार हजार चारशे वीस.

“सहदेवराव, आज चित्रशाळा उघडली होती?”

“छे. काल तुमी गेल्यार दिवे मालवलंय ते मालवलंय. भाचीचा लग्न नाय काय दहिसराक? सकाळी आठाक कुलूप घातलंय तो आता येतंय.”

“पंखा?”

“गेल्या गणपतीपासून बंद असा.”

नंदकिशोरनं वर बघितलं. छताला अडीचशे वॉटचे दोन दिवे. दोन्ही लावले तर तासाला अर्धं युनिट.

“उत्तरा,” तो म्हणाला, “तो इथं पूर्ण सहा तास बसला होता.”

३

पहिला संशय घरातूनच सुरू करावा लागला, कारण सहदेवरावांची बायको शेवंतीकाकू चित्र बघून हसत होती.

“बरा झाला,” ती लग्नाच्या शालूतच पाट घेऊन बसत म्हणाली. “तीन म्हयने ह्या घरात माझी सवत नांदता. सकाळी उठलो की तिका बघूचा. तिच्या पट्ट्यांवर म्हणे चिखल बरोबर पडलो नाय. माझ्या लुगड्यावर चिखल पडलो तर कोणी बघलान?”

“काकू, तुम्ही लग्नातून लवकर निघालात?”

“तर! जेवान झाला नि निघालंय. साडेतीनाक. माझी जाऊ नवीन पाटल्या दाखवत फिरत होती. माका नाय बघवला.”

“घरी किती वाजता पोचलात?”

“पाच वाजले. शेजारच्या राधाक विचार, तिच्याकडंच च्या घेतलंय.”

“आणि सहदेवराव?”

“ते खंय हलतत? मामा ना मुलीचे! अंतरपाट धरून हुबे. मागसून पंगतीत आग्रह करूक. तीनशे माणसांनी बघल्यानी त्यांका.”

नंदकिशोरनं वहीत लिहिलं. मीटरची वही होती, त्यामुळं शेवंतीकाकूंचं नाव ‘ग्राहक’ या रकान्यात गेलं. पाच ते सहा, म्हणजे एक तास. सहा तासांचं काम एका तासात होत नाही.

“आणि काय रे,” काकू उठता उठता म्हणाली, “मी केलं असतंय तर डोक्या कशाक लावतंय? काडी लावली असतंय.”

हे पटण्यासारखं होतं.

“आता राहिला एकच,” उत्तरा बाहेर आल्यावर म्हणाली. “तुझ्याशिवाय.”

समोरच्या फुटपाथवर शरच्चंद्र पेंटरच्या दुकानात दिवा जळत होता, आणि दिव्याखाली शरच्चंद्र हिरव्यागार रंगात हात बुडवून बसला होता.

४

“हां, मी आज दिवसभर दुकानातच होतो. एकटा. शटर खाली ओढून,” शरच्चंद्र म्हणाला. तो दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची वाघाची चित्रं आणि सिनेमाची पोस्टरं करायचा. “भाजीवाल्याची पाटी आहे. उद्या द्यायचीय. बघ, कोबी.”

कोबी खरोखर चांगला होता.

“खोक्यावरच्या चित्राचं काम आधी तुम्ही मागितलं होतं ना?” नंदकिशोरनं विचारलं.

“मागितलं होतं. ह्या बाईसाहेबांनी मला नाही म्हटलं.” त्यानं ब्रशनं उत्तराकडं बोट केलं. “म्हणाल्या, तुमच्या तोफा पिस्तुलासारख्या दिसतात. अरे यार, मी वीस वर्षं पिस्तुलंच काढतोय! आणि कशी काढतो ठाऊक आहे? आधी भोक. काळं कुळकुळीत भोक, बघणाऱ्याच्या छातीवर रोखलेलं. मग त्याच्यामागं पिस्तूल. मग हात. हिरो शेवटी, जागा उरली तर. भोक जमलं की पिक्चर हिट.”

“म्हणजे तुमची जळते त्यांच्यावर?”

“जळते? अरे, वाट लागलीय! रोज सकाळी शटर उघडलं की समोर बोर्ड – तुळसकर चित्रशाळा. आणि तो बोर्ड मीच रंगवलाय!” तो उठला, हात पुसत म्हणाला, “चल, बघू तर काय झालंय. दुसऱ्याचं वाटोळं बघायला मी पैसे घेत नाही.”

चित्रशाळेत शिरल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. तो चित्रापाशी वाकला. मग खिशातून भिंग काढलं, जे तो एरवी नंबर प्लेटांसाठी वापरायचा. बुरूज बघितला. खालची गाडी बघितली. पुन्हा बुरूज. नंदकिशोरही त्याच्याशेजारी वाकला. अख्ख्या चित्रशाळेला टर्पेंटाइनचा वास होता. फक्त बुरुजाला कपड्याच्या साबणाचा होता. त्यानं तेही ‘शेरा’ या रकान्यात लिहिलं.

“बाईसाहेब,” शरच्चंद्र उठून म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. “हे बघा, गंजाचे ओघळ. ब्रश वरून टेकवायचा, खाली येता येता उजवीकडं किंचित मुरडायचा. खाली गाडीवर तीच मुरड. वर बुरुजावर तीच. ही मुरड मला जमत नाही. मी करून बघितलीय. चोरून. तीन महिने.” त्यानं भिंग खिशात ठेवलं. “गाडी आणि बुरूज एकाच हातानं काढलेत.”

सगळ्यांनी सहदेवरावांकडं बघितलं. सहदेवराव जमिनीकडं बघत होते.

“पण ते तर दहिसरला अंतरपाट धरून उभे होते,” उत्तरा म्हणाली.

“तेच ना,” शरच्चंद्र म्हणाला. “माणूस दहिसरला आणि हात भांडुपला.”

५

आता फक्त दादू उरला होता, आणि त्याला संशयित म्हणावं असं कोणाच्या मनातही नव्हतं. दादू घाडी तीस वर्षं या चित्रशाळेत होता. सहदेवरावांच्या वडिलांनी, अण्णांनी, त्याला कुडाळहून आणला. चित्रशाळेमागच्या खोलीत राहायचा. वय अठ्ठावन्न, समोरचे तीन दात नाहीत, आणि बनियन बहुधा उलटं. ताप आला म्हणून तो लग्नाला गेला नव्हता.

नंदकिशोर त्याच्या खोलीत गेला तेव्हा दादू घोंगडी पांघरून भिंतीकडं तोंड करून पडला होता. मेमध्ये. भांडुपात.

“दादूकाका, आज चित्रशाळेत कोणी आल्याचा आवाज ऐकलात?”

“नाय बा.”

“दिवे लागले होते. सहा तास.”

“मी निजलेलंय.”

नंदकिशोरनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ घामानं चिंब, पण माठासारखं गार.

“औषध घेतलंत?”

“उतरलो ताप,” दादू भिंतीला म्हणाला. मग जरा वेळानं, “बाईंनी बघलानी काय?”

“बघितलं ना. किंचाळल्या.”

“आणि… पावणे? उद्या?”

“ते हसतील म्हणतात. सहदेवरावांवर.”

घोंगडीखाली काहीतरी हललं. हसू होतं की हुंदका, ते नंदकिशोरला कळलं नाही.

तो खोलीतून निघाला आणि मधल्या पडवीतून परत येताना थबकला. पडवीत फळ्यांवर बावीस गणपती ओळीनं बसले होते. परदेशातल्या मराठी मंडळांचे. बोटीनं जायचे म्हणून मेमध्येच तयार झालेले. सोंडेवरची नक्षी झाली होती, पितांबराची जर झाली होती, नखंसुद्धा झाली होती. फक्त डोळे नव्हते. बावीसच्या बावीस गणपती कोऱ्या पांढऱ्या नजरेनं नंदकिशोरकडं बघत होते.

शेवंतीकाकू दिवा लावायला आली होती.

“काकू, यांचे डोळे कधी होणार?”

“शेवटच्या दिवशी. ते ह्यांच्याच हातान होतत. अण्णांचो नियम. मूर्ती कोणी पण रंगवा, डोळ्यांची आखणी घराच्या धन्यानच करूची. दुसऱ्यान डोळ्याक ब्रश लावलो तर अण्णा हातावर फूटपट्टी मारीत. दादून पयल्या वर्साक खाल्ल्यान ना मार. त्याच्यानंतर कधी हात गेलो नाय त्याचो.”

“कधीच नाही?”

“तीस वर्सां. एकदा हे आजारी होते, तर बावन्न गणपती आंधळे बसान ऱ्हवले. गिऱ्हाईका दारात रडतत, पण दादून ब्रश नाय लावल्यान.”

नंदकिशोर धावतच चित्रशाळेत आला, चित्रापुढं गुडघ्यावर बसला आणि बुरुजाच्या तोफेचं टोक बघितलं. मग खालच्या मूळ तोफेचं. मग त्याला स्वतःच्या छातीतली चकती थांबल्याचं जाणवलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

“सगळ्यांना बोलवा,” तो म्हणाला. “दादूकाकांनाही. घोंगडी नको म्हणावं.”

६

सात वाजले होते. शेवंतीकाकू पाटावर, शरच्चंद्र दाराला टेकून, उत्तरा अंगठी फिरवत, सहदेवराव आपल्या खुर्चीवर आणि दादू आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात, ब्रश धुवायच्या डब्यापाशी.

नंदकिशोरनं आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. त्यानं मीटरची वही उघडली.

“एक. हे काम सहा तासांचं आहे. काकू एकच तास इथं होत्या. त्या सुटल्या.”

“माका माहीतच होता,” काकू म्हणाली.

“दोन. खालची मूळ तोफ बघा. तिच्या तोंडाशी काळं भोक आहे. आता वरची, नवी तोफ. रिबिटं आहेत, गंज आहे, झाकणावर बर्फाचा कण आहे. पण तोंडाला भोक नाही. टोक आंधळं ठेवलंय. शरच्चंद्र पेंटर भोकापासून सुरुवात करतात. ते सहा तासांत सहाशे भोकं काढतील, पण एक विसरणार नाहीत.”

“थँक्यू यार,” शरच्चंद्र म्हणाला.

“मग विसरलं कोण? कोणीच नाही. इतकं बारीक काम करणारा एवढी मोठी गोष्ट विसरत नाही. त्याचा हात तिथं गेला आणि थांबला. कारण सगळं अंग रंगवायचं आणि डोळा धन्यासाठी सोडायचा, हे त्या हाताला तीस वर्षं शिकवलंय. तोफेचा डोळा म्हणजे तिचं तोंड. सूड उगवायला बसला, तरी त्याला डोळा उघडता आला नाही.”

दादू डब्यातल्या पाण्यात ब्रश फिरवत होता. ब्रश स्वच्छ होता.

“दादूकाका?” उत्तरा म्हणाली. “पण ते तर ब्रश धुतात!”

“तीन,” नंदकिशोर म्हणाला. “बुरूज दादूकाकांनी काढला. आणि पेंटर म्हणतात, बुरूज आणि गाडी एकाच हातानं काढलीय. मग गाडी कोणी काढली?”

उत्तरानं आधी चित्राकडं बघितलं, मग दादूच्या हातांकडं.

“तो बर्फ, त्या चाकोऱ्या, तो गंज,” नंदकिशोर म्हणाला, “तू तीन महिने ज्या हातांबद्दल बोलतेयस, ते यांचे आहेत. सहदेवरावांनी खालच्या तोफेचं भोक काढलंय. आणि सही.”

त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की तो स्वतः तीन महिने चुकीच्या माणसावर जळत होता. एवढा मत्सर, एवढी रात्रीची झोप, पवईचा तो अख्खा रविवार, सगळं चुकीच्या ग्राहकाच्या नावावर पडलं होतं. वीज मंडळात अशा वेळी अर्ज करता येतो. इथं कोणाकडं करायचा?

सहदेवरावांनी मान वर केली नाही. “भोक नाय बघल्यावर माका तेव्हाच कळला,” ते म्हणाले. “पण नाव घेतलंय असतंय, तर चित्र कोणाचा ता पण सांगूचा लागला असता.”

“दादू,” शेवंतीकाकू म्हणाली, “कशाक रे केलंस?”

दादूनं ब्रश झटकला. “तीस वर्सां डोळे तुमचे, नाव तुमचा. माका कधी काय वाटला नाय. गणपती देवाचो. त्याच्यावर कोणाचा नाव?” तो पहिल्यांदाच उत्तराकडं बघून बोलला. “पण ही गाडी देवाची नाय. ही मी काढलंय. तुमी फोटो दिलास, त्या फोटोत बर्फ काळो दिसता. मी बर्फ कधी बघूक नाय. मीठ पसरून बघलंय उन्हात. तवा कळला, त्याची सावळी निळी. आणि काल तुमी हात धरलास तो ह्यांचो.” तो थांबला. “म्हटलं, हसूदेत पावणे. हसतीत ते सहीवाल्याक हसतीत.”

“अरे, पण चित्र तुझाच ना?” सहदेवराव कळवळून म्हणाले. “स्वतःच्याच चित्राचा वाटोळा करूक तुझो हात कसो धजलो?”

नंदकिशोरला वहीतला शेरा आठवला.

“नाहीच धजला,” तो म्हणाला. “बुरुजाला साबणाचा वास येतोय.”

७

शरच्चंद्र कपाळावर हात मारून पुढं आला. “पोस्टर कलर! तेलावर पाण्याचा रंग धरत नाही म्हणून तात्पुरत्या पाट्या रंगवताना आम्ही त्यात साबण घालतो. ओल्या फडक्यानं निघतो रे हा! सहा तास बसून म्हाताऱ्यानं पुसायचं चित्र काढलं!”

उत्तरा फडकं आणायला धावली. पण सहदेवरावांनी हात वर केला. ते खुर्चीवरून उठले, आणि उठल्यावर एकदम आपल्या वयाचे दिसले.

“दादू, तुका एक सांगतंय. अण्णांचो नियम अण्णांबरोबर गेलो असतो. मीच धरून ठेवलंय. तुझी सोंड माझ्यापेक्षा बरी. तुझो पितांबर बरो. तुझी नखा बरी. तुका डोळे काढूक दिले असते, तर माझ्याकडे काय ऱ्हवला असता?”

तीस वर्षं या खोलीत कोण कोणावर जळत होतं याचा हिशेब नंदकिशोर मनात मांडायला लागला, आणि त्यानं सोडून दिला.

सहदेवरावांनी डब्यातून शून्य नंबरचा ब्रश काढला. डोळ्यांच्या आखणीचा. तो ब्रश दादू तीस वर्षं धूत आला होता. काळ्या रंगात बुडवून त्यांनी तो दादूपुढं धरला.

“घे. उघड.”

“आता कशाक? पुसूचाच असा.”

“पुसूच्या आधी उघड.”

दादूनं ब्रश घेतला. चित्रापुढं बसला. हात तोफेच्या टोकाशी गेला आणि थांबला. नकळत त्याची दुसरी मूठ पाठीमागं लपली, फूटपट्टी चुकवणाऱ्या पोराची लपते तशी. शेवंतीकाकूनं डोक्यावर पदर घेऊन सवतीला नमस्कार केला, का ते तिलाही कळलं नसावं.

मग दादूनं ब्रश टेकवला आणि फिरवला. एकदाच.

बुरुजानं डोळा उघडला. ते काळं भोक इतकं खोल होतं की शरच्चंद्र नकळत एक पाऊल बाजूला सरला. “भोक जमलं की पिक्चर हिट,” तो पुटपुटला, आणि दाराबाहेर तोंड करून उभा राहिला.

दादू मिनिटभर त्याच्याकडं बघत बसला. मग त्यानं स्वतःच उत्तराच्या हातातलं फडकं घेतलं, भिजवलं, आणि वरून खाली, उजवीकडं किंचित मुरडत, बुरूज पुसून टाकला. डोळ्यासकट. खालून बिनडोकी जशीच्या तशी निघाली, ओरखडासुद्धा नाही.

सहदेवरावांनी आपल्या सहीच्या वर, बर्फात, तेलरंगानं ‘दादू घाडी’ लिहिलं. त्यांचं अक्षर वाकडं आलं, पण ते पुढं खोक्यांवर तसंच छापलं गेलं. दुसऱ्या दिवशी अंधेरीला जर्मन पाहुणे चित्रापुढं दहा मिनिटं टोपी काढून उभे राहिले, आणि निळ्या सावल्यांबद्दल त्यांनी एक लांबलचक प्रश्न विचारला. उत्तरानं त्यांना मिठाचं सांगितलं. त्यांना ती थट्टा वाटली.

पण ते उद्याचं. आत्ता उत्तरा दादूसमोर उकिडवी बसली होती. तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले होते. साबणानं पांढरे पडलेले, नखांत काळा रंग. “काय हात आहेत हो तुमचे!”

दादूनं आधी सहदेवरावांकडं बघितलं, मग लाजून उलट्या बनियनकडं.

नंदकिशोरच्या छातीत चकती सावकाश फिरायला लागली. लाल खूण समोर आली. गेली. पुन्हा आली. तो तिच्याजवळ गेला आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणाला, “मग, ती अंगठी काढायला साबण आणू का?”

उत्तरानं बोटाकडं बघितलं. अंगठी जिथल्या तिथं रुतून बसली होती.

“साबण कुठून आणणार?” ती म्हणाली. “दादूकाकांनी सगळा डोक्यात घातला.”